कथिलाचा थेंब

पिएत्राफोस्का, १२ नोव्हेंबर १९९७

डेल्फिना,

पाकीट फाडायच्या आधी मागचं नाव बघितलं असशीलच. बघूनही फाडलंस, म्हणजे अजून थोडी तरी माझी बहीण आहेस. नाहीतर नुसतीच चौकशीखोर. ती तर तू पहिल्यापासूनच होतीस.

अठरा वर्षांनी लिहितेय, आणि कशासाठी, तर कॉफी करायचा मोका कुठला घ्यावा हे विचारायला. हस. हसून घे एकदाची. पण समोरच्या कार्मोसिनामावशीचा भाचा सांगत होता की तू तुरीनमध्ये आता स्वतःचा कॉफीचा बार चालवतेस, पाटीवर तुझंच नाव आहे म्हणे. मग कॉफीतलं तुला नाही विचारायचं तर कुणाला, आपल्या पाद्रीबाबांना?

तर ऐक. घरात सध्या सहा कपांचा मोका आहे. आता आम्ही दोघीच. त्यातही आई अर्धा कप घेते, तोसुद्धा चमच्याने. सहाच्या मोक्यात दोघींपुरतं केलं की काय होतं ते तुला सांगायला नको. खाली पाणी अर्धं, मधल्या गाळणीत कॉफी अर्धी, आणि वर येतं ते कप विसळल्याचं पाणी. बरं, पूर्ण भरावा तर चार कप मोरीत ओतायचे. आईचा डोळा एकच उरलाय, पण कान बघ तिचे! आतल्या खोलीतून ओरडते, "कुणाच्या बापाची कॉफी ओततेयस गं?"

भांडीवाला तेओदोरो एका कपाचा दाखवतो, दोनचा दाखवतो, तीनचा दाखवतो. वर स्टीलचा घ्या म्हणतो, कसा आरशासारखा आहे बघा. मला आरसा नकोय, कॉफी हवीय. स्टीलच्या भांड्यात कॉफीला चव येत नाही असं आई म्हणते, पण आई काय, जुनं ते सगळंच चांगलं म्हणते. तू सांग. एवढंच काम होतं.

आई बरी नाही. हे खाली लिहिलं, कारण वर लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलं नसतंस. पोटात गाठ आहे. पोतेन्झाच्या डॉक्टरांनी पोट उघडून बघितलं आणि काही न करता परत शिवून टाकलं. कार्निव्हलपर्यंत काढेल, म्हणाले. कार्निव्हल फेब्रुवारीच्या शेवटी आहे, मी कॅलेंडरात बघितलं. रोज तुझं नाव काढते. सकाळी उठली की पहिलं विचारते, डेल्फिनाचं काही कळलं का.

ती आहे तोवर ये. मोक्याचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

एर्सिलिया

पिएत्राफोस्का, ३० नोव्हेंबर

डेल्फिना,

अठरा दिवस झाले. आपलं टपाल रडत-खडत चालतं हे कबूल, पण इतकंही नाही. पोस्टमन एजिदियो आता दारावरून जाताना नुसते खांदे उडवतो, मला विचारायची सोयसुद्धा ठेवत नाही.

मोका अजून घेतला नाही. काल परत दुकानात गेले, तर तेओदोरो म्हणतो, "एर्सिलियाबाई, मोका घेताय की जावई शोधताय?" चार बायका उभ्या होत्या, खदखदून हसल्या. मीही हसले. मला जावई कुठून येणार, आधी नवरा तरी यायला हवा होता. रोक्को दोन वर्षं विचारत होता, आठवतं ना तुला? तू गेल्यावरही विचारत होता. मी म्हटलं, आईकडे कोण बघणार? शेवटी त्यानं फेर्रान्दीना गावची मुलगी केली. आता पाच मुलं आहेत त्याला. जाऊ दे.

त्या दिवसाचा विषय मी काढणार नव्हते. पण आईनं सांगितलंय म्हणून लिहिते. काल दुपारी उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "तिला लिही, मी माफ केलं. मरणाऱ्या बाईनं माफ केलं असं लिही, म्हणजे येईल." वर म्हणाली, "तिचा तरी काय दोष. तेव्हा गावच्या बारमध्ये दिवसभर तेच काम. हातालाच सवय लागते."

खरंच आहे ते. बारच्या यंत्रात कॉफी दाबावीच लागते, आणि घरच्या मोक्यात दाबली की वाफेची वाट बंद होते, हे काय तुला ठाऊक नव्हतं? पण घाईत हात दाबून जातो माणसाचा. कॉफी वर का येत नाही ते बघायला आई वाकली, आणि मोका फुटला. कुणाच्याही हातून झालं असतं. कुणीही आता तुला त्यावरून काही बोलत नाही. 'दाबणारी' हे नावसुद्धा नव्या पोरींना माहीत नाही, जुन्याच बायका कधीतरी म्हणतात.

तर आईनं माफ केलंय. हे लिहिताना मला किती बरं वाटायला हवं होतं. ये आता. फार दिवस नाहीत.

एर्सिलिया

पिएत्राफोस्का, १९ डिसेंबर

डेल्फिना,

तुझं कार्ड मिळालं. नदीचं चित्र छान आहे. मागचा मजकूर मी एवढ्या वेळा वाचलाय की पाठ झालाय, तरी परत लिहिते, म्हणजे तुलाही कळेल कसा वाटतो तो दुसऱ्याच्या हातचा:

"तुम्ही मला माफ करायचं थांबवलंत की येईन. डेल्फिना. ता.क. तीन कपांचा घे, ॲल्युमिनियमचा. व्हॉल्व्ह आधी तपासून घे."

शाबास. आई तिकडे पोट धरून कण्हतेय आणि तू अटी घालतेस! माफी नको असते का कुणाला? लोक तीर्थयात्रा करतात त्यासाठी, गुडघ्यांवर चालत जातात. तुला घरबसल्या मिळाली तर तू ती परत पाठवतेस, वर ता.क. लिहून! काय दगडाची आहेस गं.

आईला वाचून दाखवलं नाही. तिनं विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "मोका तीन कपांचा घे म्हणते." आईनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "बरोबर आहे. ती आली की तिघींना पुरेल." आणि हसली. जळलेल्या बाजूनं तिचं तोंड हलत नाही, त्यामुळे ती हसते तेव्हा अर्धीच हसते. तू ते कधी बघितलं नाहीस. तू गेलीस तेव्हा पट्ट्या होत्या.

तर घेतला तीनचा. तेओदोरोनं स्क्रू फिरवून तिन्ही भाग वेगळे करून दाखवले. खालच्या भांड्याच्या पोटाला पितळेचा तो व्हॉल्व्ह. मी त्यावर बोट ठेवलं, दाबून बघितलं, आतली पिन हलते की नाही ते बघितलं. तेओदोरो म्हणाला, "अहो, नवा आहे, त्याला काय होणार?" मी म्हटलं, "बांधून द्या."

घरी आणून तीन वेळा जुन्या चोथ्याची कॉफी करून ओतून दिली. साबण लावला नाही, नुसतं पाणी. आणि मग आईच्या देखरेखीखाली पहिली खरी कॉफी. तुला माहितीय तिचं. पलंगावरून हुकूम सोडत होती. "पाणी व्हॉल्व्हच्या खाली! कॉफी नीट रचून घे, उंचवटा राहू दे, चमचा लावू नको! गॅस बारीक! झाकण उघडं ठेव! गुरगुरला की उतरव, जळू देऊ नको! ओतायच्या आधी ढवळ!" कार्मोसिनामावशी बसली होती, ती म्हणाली, "अगं, तिला बावन्नावं लागलंय, करू दे तिची ती." आई म्हणाली, "माझा एक डोळा गेलाय मोक्यापायी, मी बोलणारच." मी गॅस आणखी बारीक केला.

कॉफी चांगली झाली. आईनं चार चमचे घेतले.

रोज सकाळी पाणी भरताना त्या पितळेच्या ठिपक्याकडे बघावंच लागतं, पाणी त्याच्या खाली हवं ना. तू व्हॉल्व्हचं का लिहिलंस? नुसतंच लिहिलंस, की तुला काही वाटतं? हे सांग. दुसरं काही नाही सांगितलंस तरी चालेल.

नाताळला ये.

एर्सिलिया

पिएत्राफोस्का, ११ जानेवारी १९९८

डेल्फी,

नाताळ गेला. तू आली नाहीस, उत्तरही नाही. आई आता बसत नाही. परवा मला म्हणाली, "तिला नीट लिहिलंस ना, मी माफ केलं म्हणून? तुझ्या अक्षरात काही चुकलं असेल."

अक्षरात काही चुकलं नव्हतं गं.

आता लिहिते. मध्ये थांबले तर परत धीर होणार नाही.

बाबांनी आणलेला मोका आठवतो ना, आठ कोनांचा, मूठ जळलेली? बावीस वर्षांत त्याला कधी साबण लागला नव्हता. आतून काळा थर धरला होता, त्या थरातच चव आहे असं आई म्हणायची. बाबा गेल्यावर त्यांचं म्हणून घरात दुसरं काय होतं? एक टोपी आणि तो मोका. त्या वसंतात त्याचा व्हॉल्व्ह गळायला लागला. वाफ बाजूनं फुसफुसून जायची, कॉफी निम्मीच वर यायची. आई रोज सकाळी म्हणायची, "म्हातारा झाला बिचारा." मी दुकानात नेला. तेव्हा तेओदोरोचा बाप बसायचा. तो म्हणाला, या मापाचा व्हॉल्व्ह आता येत नाही, टाकून द्या, नवा घ्या. बाबांचा मोका टाकून द्या! मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग मी गेरार्दो मिस्त्रींकडे गेले. तांब्याची भांडी झाळायचे ते, आठवतात? ते म्हणाले, "पोरी, हे भोक बंद करायचं नसतं. ते वाफेसाठी असतं." मी म्हटलं, "बंद करा हो. बावीस वर्षांत कधी काही झालंय का?" ते नको नको म्हणत होते. मी हट्टच धरला. शेवटी त्यांनी कथिलाचा एक थेंब दिला. वाटाण्याएवढासुद्धा नाही.

डेल्फी, कॉफी काय सुरेख यायला लागली! काठोकाठ. आई खूश. "बघ, बाबा परत कामाला लागले," म्हणाली. कुणालाच सांगितलं नाही मी, नुसतं कौतुक करून घेतलं. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी तू बारमधून कॉफी आणलीस. त्यांच्या यंत्रातली, पिठासारखी बारीक. ती गाळणीत चिकटून बसली असणार. तू दाबली नव्हतीस, मला माहीत आहे. मी दोरीवर कपडे घालत होते, दारातून तुला बघत होते. तू चमचासुद्धा लावला नाहीस. आणि दाबली असतीस तरी काय? व्हॉल्व्ह उघडा असता तर वाफ तिथून सुटली असती, आईनं एक शिवी हासडली असती, आपण गाळणी धुऊन परत कॉफी टाकली असती. बस्स, एवढंच झालं असतं.

आईला गाडीत घालून नेल्यावर तुकडे मी गोळा केले. खालचं भांडं फाटलं होतं, पण थेंब जागच्या जागी होता. मिस्त्रींचं काम पक्कं. मी ते ॲप्रनमध्ये गुंडाळलं आणि तळघरात द्राक्षाच्या पिंपामागे ठेवलं. वर आले तर कार्मोसिनामावशी जिन्यात उभी. "कसं झालं गं?" तेव्हा मी म्हटलं, "डेल्फिनानं दाबली असणार. बारची सवय."

ते वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. बाकी गावानं केलं. तुला बारमधून काढलं, पोरं रस्त्यात 'दाबणारी' म्हणायला लागली, आईनं इस्पितळात तुझ्याकडे पाठ फिरवली, आणि चाळिसाव्या दिवशी तू बस पकडलीस. मी तुला डबा करून दिला होता. त्यात वांग्याचे काप होते. तो डबा तू थांब्यावरच्या बाकावर ठेवून गेलीस.

पुढच्या वर्षी भूकंप झाला. मी आईला पाठीवर घेऊन उतरले. तळघराची भिंत पडली, तेव्हा मनात आलं, सुटले, पुरलं गेलं. महिन्यानं ढिगारा उपसला तर भांडं तसंच, चेपलंसुद्धा नाही.

आता तुला कळलं. आईला सांगायचंय अजून. तू माफी थांबवा म्हणतेस, ती मलाच थांबवावी लागणार.

ए.

पिएत्राफोस्का, १ फेब्रुवारी

डेल्फी,

मागचं पत्र मी टाकलंच नाही. साखरेच्या डब्यामागे तीन आठवडे ठेवलं होतं. रोज एजिदियो दारावरून जायचा आणि रोज मी म्हणायचे, उद्या देते. त्या तीन आठवड्यांत आई बोलत होती, ओळखत होती. तेव्हा पाठवलं असतं तर तू येऊन पोचली असतीस. हेही माझ्याच खात्यावर घाल. आता दोन्ही एकाच पाकिटात घालतेय.

चार दिवसांपूर्वी दुपारी मी तिला सांगितलं.

कॉफी पाजत होते. आता दोन चमचेच जातात. मी म्हटलं, "आई, डेल्फीनं दाबली नव्हती. व्हॉल्व्ह मी बंद करून आणला होता. गेरार्दो मिस्त्रींकडून."

तिनं घोट गिळला. मग म्हणाली, "ठाऊक आहे मला."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"गेरार्दो आला होता इस्पितळात," ती म्हणाली. "दुसऱ्याच आठवड्यात. टोपी हातात धरून रडत होता. म्हणाला, मी नको म्हणत होतो."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? एक डोळा गेला होता. डॉक्टर म्हणत होते, दुसराही जाईल. डेल्फिना राहिली असती होय माझ्यापाशी? तिचा एक पाय कायम दाराबाहेर. तिला धंदा येत होता, बोलता येत होतं, ती कुठंही जगली असती. जगलीच ना? तुला काय येत होतं? तू राहणारी होतीस. पण खरं बाहेर आलं असतं तर तूही गेली असतीस तोंड लपवून. मग मला कोण बघणार होतं?"

"आणि रोक्को?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. अठरा वर्षांत ते नाव मी तिच्यापुढे घेतलं नव्हतं.

तिनं पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

"मग आता मला कशाला लिहायला लावलंस, माफ केलं म्हणून? ज्याची माफी, ते तिनं केलंच नाही हे माहीत असून?"

"ती यावी म्हणून. बोलवायला काहीतरी द्यायला हवं ना. दुसरं काय होतं माझ्याकडे?" आणि मग, देवाशपथ सांगते, तशीच म्हणाली, "आज साखर कमी घातलीयस."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि साखर आणली. काय करणार होते? आणली, ढवळली, पाजली.

तेव्हापासून तिच्याशी बोलले नाही. कूस बदलते, पुसते, चादर बदलते, औषध देते. बोलत नाही. तीही बोलत नाही. कार्मोसिनामावशीला वाटतं, आईची वाचा गेली. मला राग येतो, आणि मग तिचे हात दिसतात, काटक्या झाल्यात, आणि रागाचं काय करावं कळत नाही. तू तुरीनमध्ये एकटी होतीस आणि मी इथे एकटी होते, आणि मध्ये ही बसली होती सगळं ठाऊक असून.

तुला माफ करायचं आम्ही थांबवलंय. दोघींनीही. ये. अजून आहे ती.

एर्सिलिया

पिएत्राफोस्का, १० फेब्रुवारी

डेल्फी,

आई गुरुवारी सकाळी गेली. तारेतून तुला एवढंच कळलं असेल. पाकीट आणि तार तुला एकाच दिवशी मिळाली, असं तू मावशीला म्हणालीस. म्हणजे सगळं वाचूनच तू गाडीत बसलीस. मला म्हणाली नाहीस, म्हणून मी तुलाच सांगतेय, मला कळलं ते.

शुक्रवारी दफन करून आम्ही घरी आलो. दुखवट्याच्या घरात आठ दिवस चूल पेटत नाही, शेजारणी पाळीपाळीनं कॉफी आणि जेवण आणतात. घरच्यांनी नुसतं बसायचं. भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या, माझ्या शेजारची मी रिकामी ठेवली होती. मुलीची खुर्ची. बायका येत होत्या, टेकत होत्या, तिथे मात्र कुणी बसलं नाही.

दोन वाजता दार लोटलं गेलं आणि तू आत आलीस. हातात मावशीचा ट्रे, त्यावर पांढरा रुमाल, रुमालाखाली कॉफी. बसमधून उतरून तू आधी समोरच्या घरात गेलीस, मावशीच्या शेगडीवर कॉफी केलीस आणि रस्ता ओलांडून आमच्याकडे आणलीस, बाहेरच्या बायका आणतात तशी. मावशी तुझ्यामागे उभी राहून रडत होती. पोटची मुलगी दुखवट्याची कॉफी घेऊन दारात, असं आपल्याकडे कुणी कधी पाहिलंय? तिनं बसायचं असतं, तिच्या हातात इतरांनी कप द्यायचा असतो.

तू सगळ्यांना दिलीस. मला शेवटी. "एर्सिलियाबाई, घ्या," म्हणालीस. "तोंडात काहीतरी घाला. तुमच्या घरावर मोठं दुःख आलंय."

बाई म्हणालीस मला. डेल्फी, तुला अंगाखांद्यावर खेळवलंय मी.

तेवढ्यात मावशीनं, बिचारीला काय ठाऊक, तुझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं, "आईनं तुला माफ केलं होतं हो पोरी. मरताना माफ करून गेली." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आणि तू माझ्याकडे बघितलंस. तू ट्रे धरून थांबलीस. एवढ्या लांबून तू कशासाठी आली होतीस ते मला त्या क्षणी कळलं. एक वाक्य, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडून. जिन्यात मावशीला सांगितलं होतं तेवढंच लांब.

मी कॉफी प्यायले. कप रिकामा केला आणि तुझ्या ट्रेवर ठेवला. तू रुमाल घातलास आणि गेलीस. चारच्या बसनं गेलीस, असं नंतर कळलं. कबरीवर गेली होतीस का ते कुणी सांगितलं नाही.

शनिवारी मी दिवसभर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. शेजारच्या पाओलिनानं सूप आणलं, पाणीवाल्याच्या सुनेनं कॉफी आणली. सगळ्यांचं एकच चालू होतं, काय गर्विष्ठ पोरगी, आईनं माफ केलं तरी खुर्चीवर बसली नाही.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळ्या एकदम आल्या. अकरा जणी होत्या, मी मोजल्या. मी उठले आणि तळघरात गेले. दुखवट्यातल्या बाईनं असं उठायचं नसतं, मावशी "काय हवंय, मी आणते" म्हणत मागे आली. मी पिंपामागून ते भांडं काढलं, ॲप्रननं पुसलं आणि वर येऊन कॉफीच्या कपांमध्ये टेबलावर ठेवलं. थेंब त्यांच्या बाजूला करून. आणि सांगितलं. गेरार्दो मिस्त्रींचं, नऊ दिवसांचं, दोरीवरच्या कपड्यांचं, जिन्यातलं. आईला ठाऊक होतं तेही सांगितलं. मेलेल्या बाईबद्दल तिच्या दुखवट्यात असं बोललेलं ऐकून पाओलिनानं छातीवर क्रूस केला.

मावशीनं भांडं उचललं, खिडकीपाशी नेलं, थेंबावर नख फिरवून बघितलं. परत ठेवलं. मग म्हणाली, "अठरा वर्षं मी त्या पोरीला..." तिनं आपले कप गोळा केले. अर्धे भरलेले होते, तसेच. एकेक जण उठून गेली. दार लावायलाही कुणी थांबलं नाही, मीच लावलं.

काल सोमवार, दुखवट्याचा चौथा दिवस. सकाळी आठ वाजता कॉफी यायला हवी होती. नऊ वाजले, दहा वाजले. दुपारचं जेवण आलं नाही. आज पाचवा दिवस. समोर मावशीची खिडकी बंद आहे. एजिदियो गेला, त्यानं खांदेसुद्धा उडवले नाहीत, सरळ बघत गेला.

अकरा वाजता मी शेगडी पेटवली. आठ दिवस व्हायच्या आत आपल्या घरात आजवर कुणी पेटवली नव्हती. तीन कपांचा मोका, पाणी व्हॉल्व्हच्या खाली, कॉफी रचून, चमचा न लावता. एक कप प्यायले, दोन उरले. ओतले नाहीत, तसेच आहेत.

कुणी आलं नाही, म्हणजे गावभर झालंय. तुझी अट पुरी झाली, डेल्फी. आता इथे तुला माफ करणारं कुणीही उरलं नाही. खुर्ची मी हलवलेली नाही.

तुझी बहीण,
एर्सिलिया